हात क्रमांक सात

४ ऑक्टोबर

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. माझ्या टेबलाखाली तेवढी जागा नाही, म्हणून तो मनातल्या मनात घातला आहे.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण मागच्या खेपेला मी कामाचं विचारायला लागल्यावर "कामाची गोष्ट कागदावर, हवापाण्याची फोनवर" असं म्हणून तू फोन मामीकडे दिलास, आणि मी अर्धा तास मामीशी हवापाणी बोलले. तेव्हा हे कामाचं.

आमच्या कारखान्यात यंत्राचा पंजा तयार झाला आहे. तीन बोटं, प्रत्येक बोटामागे तुझ्या अंगठ्याएवढी एक मोटार. मोटारींना किती करंट द्यायचा, कधी थांबवायचं, कधी उलटं फिरवायचं हे ठरवणारा एक बोर्ड आहे. त्याला मोटार ड्रायव्हर म्हणतात. पंजा चांगला आहे. ड्रायव्हरबद्दल अजून कुणालाच काही माहीत नाही, आणि तो तपासायचा कसा याचा आराखडा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. साहेबांनी विचारलं, "किती चाचण्या लागतील?" मी म्हटलं, "अजून ठरवलं नाही." ते म्हणाले, "बारा ठीक राहतील." आता मी बारा चाचण्या शोधते आहे.

मोठ्या आजारातून उठलेली माणसं महिना-दोन महिने राहतात अशा एका केंद्रासाठी हे चाललं आहे. खाटेशेजारी हा पंजा उभा राहणार आणि माणसाच्या हातात पाण्याचा पेला नाहीतर चहाचा कप देणार. ३० नोव्हेंबरला आराखड्यावर सही व्हायची आहे. मग त्यातले आकडे ड्रायव्हरमध्ये कायमचे बसतील आणि चारशे पंजे रवाना होतील. सही माझी आहे.

तू चाळीस वर्षं जळलेल्या मोटारी नव्या तारेनं भरून दिल्यास. भरून झालेली मोटार गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी तू तिचं नक्की काय करायचास? मला एवढंच आठवतं, की चालू मोटारीचा शाफ्ट फडक्यानं धरून तू डोळे मिटायचास. मला वाटायचं, प्रार्थना करतोस.

मुद्द्याचं लिही.

तुझी
सांडशी


१३ ऑक्टोबर

चि. सांडशीस आशीर्वाद.

अक्षर तुझ्या मामीचं आहे, मजकूर माझा. माझ्या चष्म्याची काडी मोडली आहे. (चष्मा टेबलावर आहे. काडी शाबूत आहे. मी फक्त सांगतील ते लिहिते. – मामी)

तू मोटार ड्रायव्हर तपासणार हे वाचून तुझ्या मामीनं समोरच्या घरी सांगितलं, की भाची आता ड्रायव्हर लोकांची परीक्षा घेते. समोरच्यांचा जावई लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झाला आहे. तो काल डझनभर केळी घेऊन आला आणि तुझा पत्ता मागत होता. मी बोर्ड, करंट, सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण शब्द टाकाल ना?" (केळी चांगली होती.)

आता काम. डोळे मिटायचो ते प्रार्थनेसाठी नव्हे. हाताला जे कळत असतं त्यात डोळे लुडबुड करतात. शाफ्ट धरायचा आणि थांबेपर्यंत दाबत जायचं. चांगली मोटार थांबताना कुरकुरते, तापते, पण हात सोडला की निमूट फिरायला लागते. वाईट मोटार कुरकुरत नाही. ती एकदम धूर सोडते. (माणसांचंही तसंच असतं. हे वाक्य माझं आहे.)

म्हणून तुझ्या ड्रायव्हरला थंड असताना तपासशील ते मोजू नकोस, तासभर तापल्यावर तपास. बोटं अडकवून ठेव आणि करंट किती चढू देतो ते बघ. वीज कमी करून बघ, मधेच घालवून बघ. वीज गेल्यावर बोटं कप धरून राहतात की टाकतात हे आधी ठरव, मग तपास. आधी तपासून मग ठरवायचं नाही, तसं केलं की जे होतं तेच बरोबर वाटायला लागतं. तारा उलट्या जोडून बघ. कुणीतरी एक दिवस जोडणारच आहे. थोडक्यात, त्याच्याशी वाईट वाग. चांगलं वागायला गिऱ्हाईक आहेच.

दुकान जुलैमध्ये देऊन टाकलं. कंटाळा आला होता.

तुझा
मामा


२४ ऑक्टोबर

प्रिय मामा,

तुझ्या पत्रातून आठ चाचण्या निघाल्या. तारा उलट्या जोडल्यावर एका बोर्डातून धूर आला. साहेब धावत आले. "हे आराखड्यात होतं का?" मी म्हटलं, होतं. "मग ठीक आहे," म्हणाले आणि परत गेले. तेव्हापासून काहीही जळलं की सगळे आधी आराखडा बघतात.

आता खरी अडचण सांगते. धरायचं कसं हे सगळं तपासून झालं. सोडायचं कधी, हे ड्रायव्हरला कसं कळणार? पंज्याच्या मनगटात ओढ आणि वजन ओळखणारी एक पट्टी आहे. माणूस कप घेताना तो थोडा स्वतःकडे ओढतो. ती ओढ ठरलेल्या आकड्याच्या वर गेली, की ड्रायव्हर मोटारी उलट्या फिरवतो आणि बोटं उघडतात. आकडा फार लहान ठेवला तर नुसता धक्का लागून कप पडेल. फार मोठा ठेवला तर माणूस ओढत बसेल आणि पंजा सोडणार नाही.

कारखान्यात सहा जणांचे हात मोजले. साहेब अकराशे ग्रॅम ओढतात. ते फाइल पण अशीच घेतात. स्टोअरचे भाऊ चौदाशे. सगळ्यांत कमी माझे, सातशे. पण हे सगळे धडधाकट हात आहेत. साठीपुढचा हात माझ्या ओळखीत तुझाच. चाळीस वर्षं शाफ्ट दाबलेला आहे हे मान्य, पण म्हातारा तो म्हातारा.

सोबत ताणकाटा पाठवते आहे. काटा मामीच्या हातात दे, हुकाला कप अडकव, आणि कुणी कप पुढे केल्यावर तू जसा घेशील तसा घे. दहा वेळा, उजव्या हातानं. मुद्दाम जोर लावू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

आणि दुकान दिलंस हे मला तीन महिन्यांनी, पत्राच्या शेवटच्या ओळीत कळवतोस? कंटाळा आणि तुला? मे महिन्यात आले तेव्हा तू दोन मोटारींची कामं हातात धरून तिसरीकडे बघत होतास. मी तुझा धंदा सोडून बोर्डांच्या मागे लागले म्हणून रागावला आहेस का? असशील तर सरळ तसं लिही.

सांडशी


२ नोव्हेंबर

चि. सांडशीस आशीर्वाद.

ताणकाटा मिळाला. उजवा हात, दहा वेळा, सरासरी नऊशे ग्रॅम (म्हणे).

तुझ्या मामीनं आकड्यानंतर काहीतरी लिहिलं. मी विचारलं काय लिहिलंस, तर म्हणाली, पूर्णविराम.

माझा राग वगैरे काही नाही. तू दीड महिन्याची असताना माझं बोट मुठीत धरलंस ते तुझी आई अंघोळ करून येईपर्यंत सोडलं नाहीस, म्हणून तुझं नाव सांडशी पडलं. तुला आता यंत्राला सोडायला शिकवायचं काम मिळालं आहे. मला त्याची गंमत वाटते. राग कशाला येईल?

माझा चष्मा दुरुस्तीला दिला आहे, म्हणून अजून काही दिवस अक्षर हेच राहील. (चष्मा नाकावर आहे.)

मामा


५ नोव्हेंबर

चि. सांडशी,

हे पत्र मी माझ्या नावानं लिहिते आहे. दुपारची वेळ आहे, हे आत झोपले आहेत.

ह्यांनी मला एका गोष्टीबद्दल तुला अक्षरही लिहायचं नाही अशी शपथ घातली आहे. मी शपथ मोडणारी नाही. म्हणून मी कपांबद्दल लिहिते. कपांबद्दल शपथ नाही.

आमच्याकडे निळ्या काठाचे सहा कप होते, तुला आठवत असतील. जूनअखेर सहाच्या सहा होते. जुलैमध्ये दोन फुटले. ऑगस्टमध्ये दोन, त्यातला एक काठोकाठ भरलेला. सप्टेंबरमध्ये एक. राहिला त्याचा कान गेला आहे. आता आम्ही स्टीलचा पेला वापरतो. तो फुटत नाही, नुसता आवाज होतो. आवाज झाला की हे बराच वेळ कुणाशी बोलत नाहीत, आणि मी फरशी पुसते.

ऑक्टोबरमध्ये काही पडलं नाही. का पडलं नाही ते मला सांगता येणार नाही, कारण तिथून शपथ सुरू होते.

तुझ्या काट्याचा मला उपयोग झाला. मी त्यावर बटाटे मोजले, भाजीवाला दर किलोला दीडशे ग्रॅम कमी देतो. आणि ह्यांनी सांगितलेला आकडा खोटा नाही, दहाही वेळा काटा माझ्याच हातात होता. याहून जास्त मला लिहिता येत नाही. तू हुशार आहेस.

मामी


१२ नोव्हेंबर

मामा,

या पत्राला मायना नाही, कारण मी चिडले आहे.

मामीचं पत्र आलं. तिच्या हातांना काय झालं आहे? तीन महिन्यांत पाच कप तिच्या हातून पडले, आणि तू काय करतोस, तर अबोला धरून बसतोस? ती बिचारी खाली बसून फरशी पुसते आणि तू तिला, सुनेला माहेरी कळवू नको म्हणतात तशी, मला कळवू नको म्हणून शपथ घालतोस? मामा, कप पाच काय, पन्नास फुटले असते तरी हे तुला शोभत नाही. तिच्या हातातली शक्ती जात असेल तर डॉक्टरकडे न्यायचं असतं. आणि त्याच हातांनी तू तिच्याकडून पत्रं लिहून घेतोस. चष्मा लाव आणि स्वतः लिही.

यापुढे तिच्यावर रागावलास तर मी रजा काढून येईन आणि तुझ्याशी भांडेन. मला रजा शिल्लक आहे.

आता कामाचं, थोडक्यात. तुझा आकडा आराखड्यात घातला. हात क्रमांक सात, नऊशे ग्रॅम. साहेब खूश झाले. म्हणाले, साठीपुढचा माणूस नऊशे ओढतो, म्हणजे सहाशेचा आकडा ठेवला तर जगातला कुठलाही हात त्यात बसेल. सहाशेपेक्षा कमी ओढणाऱ्याला पंजा कप सोडणार नाही. पण असा माणूस नसतोच, असं साहेबांचं मत पडलं. तुझ्या आकड्यामुळे माझंही तेच झालं आहे. तीस तारखेला सही करते.

मामीला सांग, तिनं जड काही उचलू नये.

सांडशी


१९ नोव्हेंबर

सांडशी,

हे डाव्या हातानं लिहितो आहे. एका पानाला दोन दिवस लागले. अक्षराला हसू नको.

कप मी पाडले. तुझ्या मामीनं लग्न होऊन आल्यापासून एक बशीसुद्धा फोडलेली नाही. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, तेव्हा ती नुसती हसली. मला ते सहन झालं नाही.

जुलैमध्ये एका सकाळी दुकानात शाफ्ट धरला आणि तो थांबेना. मला वाटलं, मोटार जास्तच चांगली भरली गेली. दुसरी लावली, तीही थांबेना. तिसऱ्या मोटारीला कळलं, की मोटारी सगळ्या ठीक आहेत. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्ताची बारीक गुठळी झाली होती, थोडक्यात वाचलात. पाय ठीक आहेत, तोंड ठीक आहे. उजवा हात खांद्यापासून हलतो, पण बोटं मिटत नाहीत. दुकान त्याच आठवड्यात दिलं.

तुझ्या काट्यावर उजव्या हाताचे ऐंशी ग्रॅम भरले. तेही एकदाच. नऊशे डाव्याचे आहेत. तू उजवा विचारलास, मी उजवा म्हणून सांगितलं.

तुला का नाही सांगितलं? तू तान्ही होतीस तेव्हापासून तुला हा हात माहीत आहे. मला वाटलं, एका माणसाजवळ तरी तो तसाच राहू दे.

जळकी मोटार ठीक आहे म्हणून मी चाळीस वर्षांत कुणाला दिली नाही. पहिल्यांदा दिली ती तुला. हाताची लाज वाटत होती, आता आकड्याची वाटते. दुसरी जास्त आहे.

सहाशेवर सही करू नको. तुझा पंजा मला पाणी देणार नाही. तुझ्या त्या चारशे खाटांवर माझ्यासारखेच असतील.

मामा

(शपथ त्यांनीच मोडली, आता मी मोकळी. तुझ्या पत्राचा मला राग आला नाही. माझी बाजू घेऊन ह्यांना एवढं कुणी बोललं नव्हतं, मी ते पत्र कपाटात ठेवलं आहे.

ऑक्टोबरमध्ये पेला का पडला नाही ते सांगते. आधी मी पेला पुढे करायची आणि ह्यांनी हात लावला की सोडायची, तुझ्या पंज्यासारखी. मग कळलं, की हे ओढतच नाहीत. हे खालून तळहात लावतात. तळहात लागला की पेल्याचं वजन माझ्या बोटांना थोडं कमी लागतं. तेव्हा मी अर्धं सोडते. म्हणजे बोटं सैल करायची, पण पेल्यावरून काढायची नाहीत. वजन परत आलं तर परत धरते. गेलं तर उरलेलं सोडते. ह्यांना वाटतं माझं लक्ष नसतं, कारण मी तेव्हा दुसरीकडे बघते. मी मुद्दामच दुसरीकडे बघते. बघितलं की हात थरथरतो. – मामी)


२५ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि जिन्यात बसून रडले. स्टोअरचे भाऊ वर जाताना थांबले आणि म्हणाले, "पुन्हा जळला का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "आराखड्यात होतं ना, मग झालं."

मला तुझा रागही आला आहे. जुलैपासून तू तिकडे शर्टाच्या बटणांशी झगडतो आहेस, आणि मी इकडे तुला म्हातारा म्हणून चिडवते आहे. पण राग भेटल्यावर काढीन, कागदावर फक्त कामाचं लिहायचं असतं. मामीची माफी मागायची आहे, तीही समोर.

सहाशेचा आकडा मी काल खोडला. साहेबांकडे गेले आणि सांगितलं, की हात क्रमांक सात चुकीचा मोजला गेला, आणि सोडण्याची चाचणी मुळापासून बदलावी लागेल. माणूस ओढतो हेच आपण गृहीत धरलं होतं. आजारी माणूस ओढत नाही, तो खालून आधार देतो. ड्रायव्हरनं वजन कमी होताना ओळखायला हवं, आणि मोटारी झटकन उलट्या न फिरवता करंट पायरीपायरीनं उतरवायला हवा. अर्धं सोडायचं, वाट बघायची, वजन परत आलं तर परत धरायचं.

साहेबांनी विचारलं, "बारा झाल्या ना?" मी म्हटलं, तेरावी लागेल. ते म्हणाले, "तेरा नको. लोक लगेच तीन तेरा म्हणतात. चौदा करा." म्हणून 'अर्धं सोडणं' ही चाचणी तेरावी आणि 'पुन्हा धरणं' ही चौदावी. सही दहा डिसेंबरपर्यंत पुढे गेली. ग्राहकाला 'तांत्रिक कारण' म्हणून कळवलं आहे. ते तांत्रिक कारण तू आहेस.

मामा, माझ्याकडे धडधाकट हात सहा आहेत. तुझ्यासारखा एकही नाही. मी पाच तारखेला तुला न्यायला येते. तीन दिवस माझ्याकडे राहा. तुझ्याशिवाय ही चाचणी होणार नाही, आणि झाली तरी मी तिच्यावर सही करणार नाही.

सांडशी


२९ नोव्हेंबर

चि. सांडशीस आशीर्वाद.

मी येणार नाही. चार लोकांत बसून पेले पाडायचे आणि ते त्यांनी वहीत टिपायचे, हे या वयात मला जमणार नाही. घरातल्या घरात गोष्ट निराळी. तू आकडा ऐंशी धर आणि पुढे जा. माझा निर्णय झालेला आहे.

मामा

(येतील. स्वेटर धुवून बाहेर काढायला सांगितला आहे. जेवताना हाताखाली रुमाल लागतो, तो बॅगेत वरच ठेवते. मी येत नाही, मी असले की हे माझ्याकडूनच पेला घेतील. – मामी)


८ डिसेंबर

प्रिय मामी,

मामा उद्या संध्याकाळी घरी पोचेल. मी सोबत आहेच, पण तो सगळं स्वतःच्या पद्धतीनं सांगेल, म्हणून हे आधी पाठवते. टपालात टाकण्याऐवजी समोरच्यांच्या जावयाच्या हाती देते आहे. तो काल इथे येऊन थडकला. मी त्याला ड्रायव्हर दाखवला. बराच वेळ बोर्डाकडे बघून तो म्हणाला, "आत बसायला जागा कुठे आहे?"

चाचणी काल झाली. लांब टेबल, एका बाजूला पंजा, दुसऱ्या बाजूला मामा, मधे कोमट पाण्याचा पेला. साहेब, स्टोअरचे भाऊ, मी आणि आणखी तिघं. मामानं स्वेटर घातला होता आणि उजवा हात टेबलाखाली ठेवला होता. मी "सुरू करू या" म्हटल्यावरसुद्धा तो हात वर यायला वेळ लागला. मला तेव्हा वाटलं, की मी त्याला इथे आणून फार मोठी चूक केली.

पहिल्या नऊ वेळा पेला पडला. एकदा साहेबांच्या बुटावर. साहेब म्हणाले, "आराखड्यात आहे का?" मी म्हटलं, आहे. बूट तसाच ठेवून ते उभे राहिले. मामाचा हात दर खेपेला जास्त थरथरत होता, आणि सहाच्या सहा माणसं त्या हाताकडेच बघत होती. तुझं पत्र आठवलं. मी सगळ्यांना खिडकीकडे तोंड करायला सांगितलं. साहेबांनी कारण विचारलं, मी सांगितलं की ही चाचणीची अट आहे. मग दुपारभर आम्ही सगळे गाड्या उभ्या करायच्या जागेकडे बघत होतो आणि आकडे पट्टीवरून आपोआप नोंदले जात होते.

चौदाव्या खेपेला मामानं डोळे मिटले, हे मी काचेत पाहिलं. म्हणाला, "तिसरं बोट उशिरा सैल होतंय. त्या मोटारीचा आवाज जड आहे." तपासलं, तर खरंच तिसऱ्या मोटारीला करंट जास्त जात होता. आम्ही दोन महिने बोर्ड तपासत होतो, आमच्या कुणाच्या कानाला ते लागलं नव्हतं. ते दुरुस्त केलं, पायऱ्या लहान केल्या. त्यानंतर चाळीसपर्यंत फक्त चार वेळा सांडलं, आणि शेवटच्या अठरा खेपांना एक थेंबसुद्धा नाही. पेला त्याच्या तळहातावर टेकतो, पंजा अर्धं सोडतो, थांबतो. मामाही थांबतो. मग कधीतरी पेला इकडचा तिकडे गेलेला असतो. मामा म्हणाला, "तुझ्या मामीपेक्षा हळू आहे, पण शिकेल."

आकडे बघितले. त्याचा हात पेल्याचं जे पहिलं वजन उचलतो, तेही ऐंशीच ग्रॅम भरलं. तिथे तो थबकतो, आणि पंज्यानं अर्धं सोडल्यावरच पुढे जातो.

सगळे परत टेबलाशी जमले. मी आराखड्यात 'हात क्रमांक सात, ऐंशी ग्रॅम' असं लिहिलं. साहेबांनी पान हातात घेतलं आणि म्हणाले, "ऐंशी बरं दिसत नाही. शंभर करा. आकडा कसा गोल असावा. वीस ग्रॅमनं कुणाचं काय बिघडतं?" मी बोलायला तोंड उघडलं, पण मामा आधी बोलला. तुला माहीत आहे, परक्या माणसांत तो कधी आधी बोलत नाही. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही शंभर केलंत तर पंजा शंभर भरायची वाट बघेल आणि मी त्यानं सोडायची वाट बघेन. आम्ही दोघं तसेच बसून राहू. मला पाणी मिळणार नाही. मी ऐंशीचा माणूस आहे. ऐंशीच लिहा."

साहेबांनी ऐंशीच ठेवलं. मी खाली सही केली. तेव्हा कुणी खिडकीबाहेर बघत नव्हतं, सगळे मामाकडेच बघत होते. त्याचा उजवा हात टेबलावर होता आणि चांगलाच थरथरत होता. त्यानं तो खाली घेतला नाही.

तुझी
सांडशी